साखर उतरली की चढली, ते मराठीत सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या आरोग्य पुरवणीत मधुमेहावर पानभर मजकूर आला होता. चांगला होता. इन्सुलिनची कुपी फ्रिजच्या कोणत्या कप्प्यात ठेवावी, इथपर्यंत बारकाईने लिहिलेला. त्याच पानावर उजव्या कोपऱ्यात फिकट निळ्या रंगात एक चौकट होती. दरदरून घाम येणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, एकाएकी भूक लागणे, बोलण्यात गोंधळ होणे, ही 'हायपरग्लायसेमिया'ची लक्षणे आहेत असे तिच्यात छापले होते. ती 'हायपोग्लायसेमिया'ची लक्षणे आहेत. 'पो'च्या जागी 'पर' पडला, एवढीच चूक. पण तेवढ्याने साखर उतरलेला माणूस साखर चढलेला ठरला, आणि दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

मी तेहतीस वर्षे सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीत बसले. कागदोपत्री हुद्दा औषधनिर्माण अधिकारी, गावात 'गोळ्यावाल्या बाई'. छापील चुका मला नव्या नाहीत आणि एरवी मी पत्रही लिहिले नसते. लिहिते आहे ते आमच्या समोरच्या आक्कांमुळे.

आक्का पंच्याहत्तरीच्या. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. सुई टोचायचे काम नातवाकडे. मुलगा नववीत आहे, हुशार आहे, नीट हात धुऊन, जागा बदलून टोचतो. आपली ती चौकट त्यानेच कात्रीने कापून फ्रिजच्या दारावर चिकटवली होती. परवाच्या एकादशीला आक्कांनी इन्सुलिन नेहमीएवढेच घेतले आणि पोटात मात्र वाटीभर शेंगदाणे आणि ताक. संध्याकाळी साडेसातला मुलगा धावत आला.

“काकू, आजीची शुगर वाढलीय. घामाघूम झालीय. अजून दोन युनिट देऊ का?”

मी चपला न घालताच गेले. आक्का पलंगाच्या कडेला बसलेल्या, पदर ओला, हाताला कापरे. शुद्धीवर होत्या, गिळता येत होते, म्हणून आधी अर्धा पेला पाण्यात चार चमचे साखर ढवळून घोटघोट पाजली. (शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचे नाही, सरळ दवाखाना गाठायचा. हेही आपल्या चौकटीत नव्हते.) मग बोट टोचून यंत्रावर पाहिले. ५२. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले, ९४. कापरे थांबले. मी भगर शिजवून घातली. एकादशी मोडली नाही म्हणून आक्का खूश. मुलगा मात्र फ्रिजपाशी उभा. “पण काकू, पेपरात तर हायपर लिहिलंय. हायपर म्हणजे जास्त ना?”

हायपर म्हणजे जास्त, हे त्याला बरोबर ठाऊक होते. चूक छापणाऱ्याची. ती दोन युनिटे त्याने मला न विचारता दिली असती तर काय झाले असते, ते मी इथे लिहीत नाही.

आता ही चूक होते कशी, त्याबद्दल माझे एक मत आहे, ते सांगते. खिडकीत बसून तयार झालेले मत आहे. आपल्या लोकांना 'हाय' आणि 'लो' हे दोन इंग्रजी शब्द पक्के माहीत. बीपी हाय, शुगर लो. शेतावरची बाईसुद्धा असेच बोलते. आता 'हायपर' आणि 'हायपो' कानांनी ऐका. दोन्हींची सुरुवात 'हाय'ने! डॉक्टर “हायपो” म्हणाले की अर्ध्या लोकांना “हाय” एवढेच ऐकू येते. एक बाई थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी 'हायपोथायरॉइड' लिहिले होते. बाई म्हणाल्या, “हाय निघालाय, मग अजून गोळ्या कशाला देताय? आधीच जास्त आहे.” त्यांचे तर्कशास्त्र बिनचूक होते. ग्रंथी कमी काम करते म्हणून गोळी द्यायची आहे, हे त्यांना पटवायला मला मागची रांग थांबवावी लागली. इंग्रजी वाचणाऱ्याला हा त्रास कमी, कारण तिकडे 'हाय' आणि 'हायपो' यांचे स्पेलिंग वेगळे दिसते. आपल्याकडे देवनागरीत लिहिले की ते नाते आपोआप लागते. तेव्हा मराठी वर्तमानपत्राने हे दोन शब्द जास्तच जपून हाताळायला हवेत.

माझाही गोंधळ होता, हे कबूल करते. डी. फार्म.च्या वेळी आम्ही मैत्रिणी 'पर म्हणजे पर्वत, पो म्हणजे पोकळ' असे घोकायचो. परीक्षेत ते चालले. खिडकीबाहेर शंभर माणसे उभी असताना पर्वतही आठवत नाही आणि पोकळही. ती घोकंपट्टी माझी सुटली १९९१च्या सुमारास, एका शास्त्रीबुवांमुळे. गंगापुरीतून चालत यायचे, धोतर, काखेत छत्री. आमच्या वाईला विश्वकोशाची कचेरी आहे हे वाचकांना ठाऊक असेलच. विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तेव्हा हयात होते. त्या कचेरीत या बुवांचे जाणे-येणे असे. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला महिन्याच्या पहिल्या सोमवारी येत. एकदा केसपेपर भिंगाखाली धरून म्हणाले,

“बाई, हे हायपर म्हणजे काय?”

“जास्त, शास्त्रीबुवा.”

“जास्त हा शब्द तर आपण फारसीकडून उसना आणला. हायपर म्हणजे उपरि. वर. आणा ती पेन्सिल.”

केसपेपरच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी लिहिले: उपरि, हायपर, सुपर, ओव्हर. त्याखाली दुसरी ओळ: उप, हायपो, सब. म्हणाले, पहिला संस्कृत, दुसरा ग्रीक, तिसरा लॅटिन. वरच्या ओळीतला चौथा अस्सल इंग्रजी, तोही त्याच घरचा. “वरची ओळ सगळी वर. खालची ओळ सगळी खाली, नाहीतर लगत. उपसरपंच सरपंचाच्या खाली. उपनगर नगराच्या लगत. साहेब त्याला सबर्ब म्हणतो, ते तरी काय? सब म्हणजे उप, अर्ब्स म्हणजे नगर. तुमच्या कागदात हायपो दिसला की मनात उप म्हणायचं. चुकणार नाही.”

मी विचारले, मग आपल्या 'उ'ला तिकडे 'ह' कुठून चिकटला? तर म्हणाले, ग्रीकांच्या तोंडी शब्दाच्या आरंभीचा उकार कधी कोरडा येत नाही, त्याला 'ह'चा श्वास लागतोच. आणि लगेच बोट वर करून: “आपल्यातून त्यांच्याकडे गेला असं मात्र कुणाला सांगू नका. आई-लेकी नव्हेत, मावसबहिणी आहेत.” मागून रांगेतला एकजण ओरडला, “बुवा, पुराण घरी सांगा!” बुवा हसले, गोळ्या घेतल्या आणि गेले.

मावसबहिणींचे ते म्हणणे मला नंतर वाचनातही भेटले. १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी भाषण केले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातले साम्य योगायोगाचे नाही, तिन्ही एकाच मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ आता कदाचित उरलेही नसेल, असे ते म्हणाले. हे मुद्दाम लिहिते, कारण 'सगळे इंग्रजी शब्द संस्कृतातून चोरले' असे सांगणारे निरोप माझ्याही फोनवर दर आठवड्याला येतात. मावशीच्या घरी आपल्यासारखे नाक दिसले म्हणून ते नाक आपल्या घरातून चोरलेले ठरत नाही.

तर उप म्हणजे हायपो, हायपो म्हणजे सब. गंमत बघा, आपल्या कचेरीत ज्यांच्या हातून ती चौकट गेली असेल, ते उपसंपादक. इंग्रजीत सब-एडिटर. म्हणजे 'पो' की 'पर' याचे उत्तर त्यांच्या टेबलावरच्या पाटीवरच होते! रागाने म्हणत नाही. आक्कांना उपवासाने हायपो झाला, त्या उपवासातही तोच उप आहे.

एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मुलगा वही घेऊनच आला. शास्त्रीबुवांच्या दोन ओळी मी त्याला लिहून दिल्या. त्याला प्रश्न पडला की असे आणखी किती आहेत. हा मुलगा सेमी इंग्रजीत शिकतो. म्हटले, तुझ्या वर्गाच्या नावापासूनच सुरुवात कर. सेमी म्हणजे अर्धे, लॅटिन. ग्रीकमध्ये हेमी, भूगोलातल्या हेमिस्फिअरमधला. संस्कृतात 'सामि' असा शब्द आहे, अर्थ तोच, अर्धा. आपण तो विसरलो, एवढेच. इथे 'स'चा 'ह' झालेला दिसतो, ती ग्रीकची खोडच. सप्तला लॅटिनात सेप्टेम आणि ग्रीकमध्ये हेप्टा. इराणकडेही हीच खोड. सप्तचे फारसीत हफ्त, सात दिवसांचा हफ्ता, आणि तो इकडे येऊन झाला आपला हप्ता. ज्ञानेश्वरीचा सप्ताह आणि मोटारसायकलचा हप्ता एकाच घरचे म्हटल्यावर मुलाने वही खाली ठेवली आणि मोठ्याने हसला.

मग त्याने स्वतःच एक आणला. लहानपणी मराठीतून गणित शिकताना 'परिमिती' होती, पुढे सेमीत तिची 'पेरिमीटर' झाली. दोन वेगळे शब्द म्हणून त्याने दोन्ही पाठ केले होते. पेरि म्हणजे परि, भोवती. मेट्रॉन म्हणजे माप, आपल्या 'मिती'च्याच मूळ धातूचे. अक्षरशः तोच शब्द! एवढ्या वर्षांत हे कुणी त्याला सांगितले नाही, आणि त्यात शिक्षकांचा दोष नाही. मराठीच्या तासाला प्र, परा, अप, सम् हे उपसर्ग पाठ होतात. इंग्रजीच्या तासाला प्रीफिक्स येतात. दोन तासांच्या मध्ये मधली सुट्टी असते.

माझ्या खिडकीतले घरगुती नातलग असे आणखी पुष्कळ. ग्रीक 'डिस' म्हणजे आपला 'दुस्'. डिस्पेप्सिया म्हणजे पचनाचे दुर्. त्याच्या उलट 'यू' म्हणजे 'सु', युकॅलिप्टसमधला. कॅलिप्टोस म्हणजे झाकलेला. निलगिरीची कळी टोपी घातल्यासारखी बंद असते, म्हणून 'सु-झाकलेली'. त्याच निलगिरीचे तेल नाक चोंदल्यावर आपण रुमालावर टाकतो. 'अ' आणि 'अन्' तर जसेच्या तसे. व्यंजनापुढे अ, स्वरापुढे अन्, हा नियमसुद्धा दोन्हीकडे सारखा. अशक्त आणि अनपेक्षित यांत जो फरक, तोच अ‍ॅटम आणि अ‍ॅनिमिया यांत. अ‍ॅटम म्हणजे अ-छेद्य, अ‍ॅनिमिया म्हणजे अन्-रक्त. डायरिया म्हणजे आरपार स्राव. त्यातला 'रिया' आणि आपला 'स्राव' एका धातूचे. आणि ज्या थायरॉइडवरून बाईंचा आणि माझा वाद झाला, त्या शब्दाच्या पोटात चक्क आपले दार आहे. ग्रीक 'थुरा' म्हणजे दार. दाराच्या आकाराची मोठी ढाल म्हणजे 'थुरेऑस', आणि गळ्यातल्या त्या भागाला ढालीसारखा म्हणून थायरॉइड. हे मी त्या बाईंना सांगितले असते तर मला वाटते त्यांनी गोळी दुसऱ्या दिवसापासून घेतली असती.

हायपोचा अर्थ 'एक पायरी खाली' असाही पक्का बसवता येतो. विहिरीत टाकायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीची पोती आमच्याच साठ्याला असत, आणि करोनाच्या वर्षी गल्लोगल्ली 'हायपो मारला का?' असे विचारत फवारणी चालली होती. तो हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. क्लोरेटमध्ये ऑक्सिजनचे तीन अणू, क्लोराइटमध्ये दोन आणि त्याच्याही खालची पायरी ती हायपोक्लोराइट, एकच अणू. फवारणाऱ्या पोरांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे उप-क्लोराइट.” बरोबर.

पण नुसते उपसर्ग ओळखून भागत नाही. तिथेच माणूस फसतो, आणि हुशार माणूस आधी फसतो. खंबाटकी घाटात टँकरच्या मागे 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेले असते. माझा भाचा, इंजिनिअर, मला म्हणाला होता की 'इन' म्हणजे नाही, तेव्हा हा न पेटणारा माल. मी त्याला गाडी मागे घ्यायला लावली! लॅटिनमध्ये 'इन' दोन आहेत. एक नकाराचा, आपल्या 'अन्'चा भाऊ. दुसरा 'आत' या अर्थाचा. इन्फ्लेमेबलमधला हा दुसरा, आतून भडकणारे. या घोटाळ्यापायी अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी गेल्या शतकात 'इन' काढून नुसते 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला. आपल्या टँकरांवर मराठीत 'ज्वालाग्राही' लिहितात. त्यात असला धोका मुळातच नाही, आणि माझ्या लेखी तो इंग्रजीपेक्षा सरस शब्द आहे.

अँटी आणि अँटे हे असेच. अँटी ग्रीक, विरुद्ध. अँटे लॅटिन, आधी. घड्याळातल्या ए. एम.मधला ए हा अँटेचा, मध्यान्हीच्या आधी. गरोदर बाईच्या तपासणीला 'अँटेनेटल' म्हणतात, जन्माच्या आधीची. आरोग्य केंद्रात सरसकट 'एएनसी' म्हणून काम भागते, ते ठीक. पण मागे आपल्याच पानावर 'अँटी नेटल तपासणी' असे दोन शब्द तोडून छापले होते. म्हणजे जन्मविरोधी तपासणी! त्याच्या खाली गरोदर मातांना पोषक आहाराचा सल्ला. 'प्रसूतिपूर्व' हा रुळलेला शब्द असताना ही कसरत कशाला?

'होमो'चे दोन घरोबे आहेत. दुधाच्या पिशवीवरच्या होमोजिनाइज्डमधला होमो ग्रीक, म्हणजे आपला 'सम'. होमो सेपियन्समधला होमो लॅटिन, म्हणजे माणूस. पहिल्याचे दुसऱ्याशी नाते नाही, आणि आपल्या होमहवनाशी दोघांचेही नाही. 'पॅरा'बद्दलही जपून. पॅरामेडिकलमधला पॅरा ग्रीक, 'बाजूचा'. मी आयुष्यभर बाजूचीच होते. पॅरासिटामॉलमधला त्याच घरचा, पण रसायनशास्त्राच्या शाळेतून आलेला. रेणूच्या कड्यात दोन गट समोरासमोर बसले की त्याला पॅरा म्हणतात. आणि पॅराशूटमधला तिसराच, पडण्यापासून वाचवणारा, तो ग्रीकांचा कुणी नाही.

आता मात्रेचे उपसर्ग. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा, कारण इथे चूक हजारपटीची होते. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते. पन्नास मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम. ती 'पन्नास मिलिग्रॅम' म्हणून छापलेली मी वर्तमानपत्रात पाहिली आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीत मायक्रोसाठी ग्रीक म्यू हे अक्षर असे, आणि घाईत लिहिलेला म्यू एमसारखा दिसे. म्हणून आम्ही खिडकीत 'एमसीजी' असे सुटे लिहून घ्यायचो. मिलि आला लॅटिनमधल्या हजारावरून, किलो ग्रीकमधल्या हजारावरून. शब्द दोन्हीकडे हजाराचाच, तरी एक हजारपट आणि दुसरा हजारावा भाग. याचे कारण फ्रेंचांनी १७९५मध्ये मेट्रिक मापे ठरवताना केलेली वाटणी. मोठ्या मापांना ग्रीक (डेका, हेक्टो, किलो), लहान मापांना लॅटिन (डेसी, सेंटी, मिली). मायक्रो मागाहून आला आणि ग्रीक असून लहानांत जाऊन बसला, तेव्हा ती शिस्त मोडलीच.

त्या हेक्टोला शेतकरी रोज भेटतो, फक्त ओळखत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, हेक्टो अधिक आर. एक आर शंभर चौरस मीटरचा, गुंठ्याहून अगदी किंचित लहान. म्हणून आमचे हे (म्हणजे यजमान) उताऱ्यावर ०.४०.०० दिसले की “चाळीस गुंठे, म्हणजे एकर” म्हणून मोकळे होतात. तलाठ्याला ते चालत नाही, पण बांधावर बोलायला पुरते.

हे सगळे वाचून आपण म्हणाल, बाई, आता काय करायचे? शुद्ध मराठी परिभाषा वापरायची का? तर नाही, तसेही माझे म्हणणे नाही. थायरॉइडला परिभाषेत 'अवटू' म्हणतात. शब्द ज्यांनी घडवला त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण तेहतीस वर्षांत खिडकीतून एकही माणूस “अवटूची गोळी द्या” म्हणाला नाही. उलट परिभाषेतले काही शब्द इतके जमून गेले की त्यांचा इंग्रजी बाप आठवतही नाही. दूरदर्शन घ्या. टेलिव्हिजन हा अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन असा जोडलेला. आपण तो सबंध एका भाषेत आणला. आंतरराष्ट्रीय घ्या, अंतर् आणि इंटर पुन्हा मावसबहिणीच. जे जमले ते वापरावे, नाही जमले ते सोडावे.

आरोग्याच्या पानापुरते मागणे एवढेच की इंग्रजी शब्द द्यायचा असेल तर जरूर द्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तोच असतो, वाचकाला तो ओळखता आला पाहिजे. पण आधी लोक बोलतात तो मराठी शब्द द्या. 'साखर उतरणे', मग हायपोग्लायसेमिया. 'साखर चढणे', मग हायपरग्लायसेमिया. असे छापले असते तर मागे 'पर' चुकून पडला तरी पुढच्या 'उतरणे'ने आक्कांच्या नातवाला थांबवले असते. चूक तर होणारच, रात्री पान लावणारी माणसे आहेत. शब्द दोन असले की एक चुकला तरी दुसरा भांडायला उभा राहतो. आम्हीही चिठ्ठीवर गोळ्यांची संख्या आकड्यात आणि अक्षरात, अशी दोनदा लिहून घ्यायचो ती याचसाठी.

आणि दुरुस्ती छापा. आतल्या पानावर, शोकसंदेशांच्या खाली, मुंगीच्या टाइपात 'मागील अंकातील मजकुरात अनवधानाने' अशी नको. त्याच पुरवणीत, त्याच कोपऱ्यात, त्याच फिकट निळ्या रंगाची चौकट हवी. ज्यांनी पहिली कापून ठेवली त्यांच्या डोळ्यांना ती जागा ओळखीची आहे.

आक्कांच्या फ्रिजवरचे कात्रण मी काढून या पत्राला जोडले आहे. मुलाने तूर्त त्या जागी वहीचे पान लावले आहे, वर 'उपरि' आणि खाली 'उप' असे मोठ्या अक्षरांत. पान लहान आहे आणि चुंबक एकच आहे, त्यामुळे ते सारखे निसटते. आपली चौकट आली की तीच लावायची, असे त्याचे-माझे ठरले आहे.

आपली,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी,
वाई, जि. सातारा